दोन मिनिटांचा सीपीआर

आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणात मला सर्वाधिक दमवले ते सीपीआरच्या, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून आणि त्याला श्वास देऊन प्राण वाचवण्याच्या, सरावाने. हात कोपरात न वाकवता छाती मिनिटाला १०० ते १२० या गतीने ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची आणि ३० दाबांनंतर २ श्वास द्यायचे, हे वाचताना सोपे वाटते. परंतु दुसऱ्या मिनिटालाच मॅनिकिनमधून, म्हणजे सरावाच्या पुतळ्यातून, पुरेसा दाब पडल्यावर येणारा ‘टक्’ आवाज विरळ होऊ लागला, तेव्हा दर २ मिनिटांनी दाब देणारा माणूस का बदलतात, हे मला उमगले. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी लागते, कारण तेवढ्याच अवकाशात हृदयात रक्त भरते. माझी घाई नेमकी तिथेच आड येत असे. १०८ची रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतची मिनिटे घरच्यांच्याच हाती असतात, म्हणून आईलाही मी उशीवर हा सराव करायला लावला.