डावा हात हलेना, त्याचे कारण पायात निघाले

मागील नोंदीत मी डाव्या हातापुढे अक्षरशः हात टेकले होते. ज्यांनी ती वाचली आहे त्यांना आठवत असेल की, माझ्या कॅटवॉकच्या सरावाच्या प्रत्येक व्हिडिओत उजवा हात मांडीशेजारून मोकळेपणाने पुढेमागे जात होता आणि डावा मात्र कोणीतरी कोपराला धरून ठेवल्यासारखा आखडलेला दिसत होता. या एका दोषाने माझे अडीच महिने खाल्ले. परवा रविवारी तो सुटला, आणि तोही हातावर काहीही न करता, म्हणून ही नोंद ठरल्या वेळेआधीच लिहीत आहे.

प्रथम माझा जुना निष्कर्ष खोडते. डोंबिवलीहून निघणाऱ्या लोकलमध्ये सहा वर्षे पर्स डाव्या खांद्याला अडकवून छातीशी घट्ट धरली, तीच सवय हातात मुरली आहे, असे मी ठामपणे लिहिले होते. त्यावर आपल्यापैकी काहींनी सुचवलेले उपाय मी इमानेइतबारे केले. दोन्ही हातांत अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन चालले, भिंतीला पाठ टेकवून खांदे सैल सोडले, आरशासमोर उभी राहून नुसते हातही हलवले. बाटल्यांमुळे हात हलू लागला खरा, परंतु बाटल्या खाली ठेवल्या की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शिवाय मुद्दाम हलवलेला हात रॅम्पवर लगेच ओळखू येतो. तो संचलनातल्या शिपायासारखा दिसतो.

शनिवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे गच्चीवर दोरी ताणून मी रांगोळीची सरळ रेष घातली, कारण पावले एकाच रेषेवर पडणे हाच कॅटवॉकचा पाया आहे. त्या दिवशी डब्यातली रांगोळी दमट असल्यामुळे रेष जाड आणि ओबडधोबड पडली. चालून झाल्यावर मागे वळून पाहिले, तर उजव्या टाचेचे ठसे बारीक आणि स्वच्छ ठिपक्यांसारखे उमटले होते, परंतु डाव्या टाचेच्या प्रत्येक ठिपक्याला स्वल्पविरामासारखी शेपटी फुटलेली होती. मी शिवणाच्या डब्यातली टेप आणून अंतरे मोजली. डावे पाऊल पुढे पडताना अंतर साधारण 65 सेंटीमीटर भरत होते आणि उजवे पडताना 58. बारा पावले मोजली, तरी हिशेब बदलला नाही.

चालताना हात आणि पाय विरुद्ध बाजूंनी जोडीने चालतात, म्हणजे उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे येतो आणि धडाचा तोल राखतो. उजवे पाऊलच आखूड पडत असेल, तर डाव्या हाताला पुढे येण्याचे कारणच उरत नाही. मग उजवे पाऊल आखूड का पडते, तर त्या क्षणी सगळा भार डाव्या पायावर असतो आणि माझा डावा पाय पम्पमध्ये, म्हणजे उंच टाचेच्या बिनपट्टीच्या बुटात, घसरत होता. कागदावर दोन्ही पावले आखून पाहिली, तेव्हा डावे 6 मिलिमीटरने लहान निघाले. चार इंची टाचेवर पाऊल उताराला लागलेले असते. ते पुढे सरकते, मागे टाच सुटते आणि पम्प निसटू नये म्हणून बोटे आपल्याही नकळत आवळली जातात. आवळलेल्या बोटांनी जमिनीला रेटा देता येत नाही. टाच सुटली की पम्प डुलतो, आणि तीच ती शेपटी.

मी ऑनलाइन मागवलेले पूर्ण लांबीचे जेल पॅड आधीच वापरून पाहिले होते. त्यांनी टाच आणखी वर उचलली जाते आणि पाऊल उलट लवकर निसटते, तेव्हा त्यांवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टेशनबाहेर चपला शिवणाऱ्या काकांनी पम्प हातात घेऊन अंगठ्याने आतून दाबून पाहिला आणि फक्त चवड्याखाली कातड्याचा एक पातळ तुकडा चिकटवून दिला. मागच्या काठाला आतून मऊ पट्टी लावली आणि दोन्ही टाचांच्या झिजलेल्या टिपा बदलल्या. रविवारी सकाळी पुन्हा रेष घातली. पावले 63 आणि 64 भरली, शेपट्या नाहीशा झाल्या आणि डावा हात जणू कधी अडलाच नव्हता असा हलू लागला. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला हे सांगत नाही. वाळवणाचे ताट घेऊन गच्चीवर आलेली आई एवढेच म्हणाली, ‘‘आज तू घाईत दिसत नाहीस.’’ कोणत्याही प्रशिक्षकाची शाबासकी मला इतकी गोड लागली नसती.

1993 मध्ये फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड यांच्या पॅरिसमधील शोमध्ये सुपरमॉडेल नाओमी कॅम्पबेल वीतभर उंच टाचांवरून पडली आणि हसत उठली, हा प्रसंग आपण सर्वजण धीटपणाचा दाखला म्हणून सांगतो. मला मात्र आता त्यात पायांतली वस्तू आधी दिसते.

या आठवड्यात पिव्हटला, म्हणजे एका पायावर भार घेऊन वळण्याला, सुरुवात करण्याचे ठरवले होते, परंतु हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली आणि बेत बदलावा लागत आहे. साडीत माझी चाल अधिक चांगली दिसते, असे मी दोन नोंदींत अभिमानाने लिहिले होते. ते व्हिडिओ आत्ताच पुन्हा पाहिले. मोकळा पदर डाव्या हातावर घेतलेला असल्यामुळे तो हात हलण्याचा प्रश्नच येत नाही; दोष सुधारला नव्हता, पदराखाली झाकला गेला होता. म्हणून पुढच्या रविवारी नऊवारी नेसून, पदर कमरेला खोचून आणि पायांत सपाट कोल्हापुरी घालून त्याच रेषेवर चालणार आहे. काष्ट्यामुळे पाऊल मोकळे पडते, दोन्ही हात रिकामे राहतात आणि उंच टाचेचा संबंधच येत नाही. तेव्हाही डावा हात आखडला, तर लोकलमधल्या पर्सला मी पूर्ण निर्दोष ठरवणे घाईचे होईल. पिव्हट त्यानंतर, आणि तोही डाव्या पायावर भार घेऊन, कारण आजवरची सगळी वळणे मी नकळत उजव्या पायावरच घेत आले असावे, अशी मला आता दाट शंका आहे.