पितृधारेवरचा बुक्का

"अगं, पळतीस कुठं? पालखी काही पुढं गेलेली नाही."

गौरीकुंड सोडून तासभरही झाला नसेल, तेव्हा वन्संनी मला हे ऐकवलं. मी ऐकलं नाही. महिनाभर दर रविवारी सिंहगड चढले होते, पाय तयार होते आणि आमच्या पंचकेदारातलं, म्हणजे गढवाल हिमालयातल्या शंकराच्या पाच देवळांतलं पहिलं, केदारनाथ फक्त १६ किलोमीटरवर होतं. वन्संचं वय ५९, माझं ४७. त्या मागून सावकाश येतील असं धरून मी पुढे निघाले.

त्या रात्री केदारनाथला मी दोनदा ओकले. डोकं ठणकत होतं, पांघरुणात घुसलं तरी हुडहुडी थांबेना. गौरीकुंड दोन हजार मीटरच्या जवळपास, केदारनाथ ३,५८३ मीटरवर. एवढी उंची एका दिवसात घाईनं चढल्यावर दुसरं काय होणार? तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणजे दर श्वासाला प्राणवायूही तेवढाच मिळतो. वन्सं माझ्यानंतर दोन तासांनी पोचल्या होत्या. माझ्या उशाशी बसून त्यांनी चमच्याचमच्यानं कोमट पाणी पाजलं. सकाळी बरं वाटलं तेव्हा दर्शन घेतलं आणि देवळामागची भीमशिला पाहिली. २०१३ च्या जूनमधल्या महापुरात वरून वाहत आलेला हा प्रचंड धोंडा देवळाच्या मागे अडला आणि त्यानं पाण्याचा लोंढा दोन्ही बाजूंना वळवला. वन्संनी त्या दगडालाही हात जोडले. वाटेवर चाबकाचे फटके खात चढणारी खेचरं पाहून मात्र आम्हा दोघींचा जीव कळवळला. ज्याचे पाय धड आहेत त्यानं केदारनाथला पायीच जावं, असं मला मनापासून वाटतं.

पंढरीच्या वारीत वळकटी, पिशव्या, सगळं दिंडीच्या ट्रकात असतं. आपल्याजवळ टाळ आणि पाण्याची बाटली. पंचकेदारच्या वाटेवर सगळं सामान पाठीवर होतं. आम्ही एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जीपनं जायचो आणि प्रत्येक केदार पायी चढायचो. मध्यमहेश्वरच्या चढाला, रांसीहून निघताना, वन्संनी मला शिकवलं. टाळ नव्हते, तरी ठेका तोच. श्वास घेताना 'ज्ञानोबा', सोडताना 'तुकाराम'. सपाटीला एका नावात तीन पावलं, चढ लागला की दोन, आणि अगदी छातीवरचा चढ असेल तेव्हा एका नावाला एकच पाऊल. बोलता आलं पाहिजे, धाप लागली म्हणजे वेग चुकला. दिवे घाट त्या २२ वर्षं अशाच चढत आल्यात. मी नऊ वर्षं त्यांच्या शेजारून चालले, पण हे कधी पाहिलंच नव्हतं. वारीत गर्दीच आपल्याला ओढून नेते, त्यामुळे स्वतःच्या श्वासाकडे लक्ष द्यायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

मध्यमहेश्वरच्या वरच्या कुरणात, बुढा मध्यमहेश्वरच्या छोट्याशा तळ्यात ७,१३८ मीटरचा चौखंबा पहाटे उलटा उतरलेला पाहिला. तुंगनाथ पाचांत सर्वांत उंच, ३,६८० मीटर, पण चोपत्यापासून वाट बांधीव आहे आणि चार किलोमीटरच्या आत आपण वर असतो.

खरी परीक्षा रुद्रनाथची. सगर गावातून निघालं की आधी बांजाचं, म्हणजे पहाडी ओकचं दाट जंगल, मग पुंग, ल्वीटी आणि पनार ही बुग्यालं, म्हणजे डोंगरावरची गवताळ कुरणं. पनारला एका छानीत, म्हणजे गुराख्यांच्या झोपडीत मुक्काम केला. तिथल्या बाईंनी चुलीवर मंडुव्याची रोटी भाजून दिली. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. वन्संनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "आईच्या हातची भाकरी अशीच जाड असायची." त्यानंतर बराच वेळ दोघी गप्प होतो.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालायच्या. दोन वर्षांपूर्वी गेल्या, सवाष्ण गेल्या. हिमालय त्यांनी पाहिला नव्हता आणि पाहायची इच्छाही कधी बोलून दाखवली नव्हती, पंढरीतच त्यांचं सगळं होतं. पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी रुद्रनाथच्या वाटेवर यावी, असा सगळा बेत वन्संनी घरूनच आखला होता. मला तो पनारला त्या रात्री कळला.

नवमीला सकाळी पितृधारेवर पोचलो. या वाटेवरची ही सर्वांत उंच जागा. लोक इथे आपल्या पितरांच्या नावानं दगड ठेवतात. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं. समोर ढगांच्या वर त्रिशूळ शिखर दिसत होतं. वन्संनी बराच वेळ शोधून तळहाताएवढा एक चपटा, करडा दगड उचलला, पदरानं पुसला. मग सॅकच्या वरच्या कप्प्यातून पितळेची डबी काढली. आत बुक्का होता. झाकण उघडताच तो वास आला आणि त्या उजाड धारेवर मला वाखरीचं रिंगण आठवलं. सासूबाई समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला बोट टेकवायच्या, "माउली" म्हणायच्या, ते आठवलं. वन्संनी दगडाला बुक्का लावला, मला लावला. मी त्यांना लावला आणि पाया पडले. दगड बाकीच्या दगडांत ठेवला. माझ्या तोंडून फक्त "आई" एवढंच निघालं.

रुद्रनाथला शंकराच्या मुखाची पूजा होते. कड्याखालची कपार पुढून दगडांनी बांधून काढलेलं देऊळ आहे. आत नैसर्गिक शिळेतलं ते मुख, मान किंचित कललेली. कोणी आपलं म्हणणं ऐकून घेत असावं तशी. जवळून वैतरणी वाहते. तिच्या बर्फगार पाण्यानं वन्संनी सासूबाईंच्या नावानं तर्पण केलं.

रात्रभर गारा पडल्या. परतताना पुन्हा पितृधार लागली. पाचवा केदार, कल्पेश्वर, गाठायचा तर पनारपर्यंत मागे येऊन डुमकची वाट धरावी लागते. सगळे दगड ओले, सगळे सारखेच करडे. बुक्का धुऊन गेला होता. मी वाकून वाकून शोधत होते, एक उचलला, परत ठेवला, दुसरा पाहिला. वन्सं काठी टेकून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आहे ती इथंच. चल, ढग येतायत."

त्या पुढे झाल्या. उतार होता, तरी एका नावाला एकच पाऊल टाकत होत्या. मी मागोमाग निघाले.