फाटक लावणारा आणि उशिरा येणारा

कुठल्याही जुन्या विद्यापीठाच्या वसतिगृहाचा इतिहास वाचायला घ्या. पहिली काही पानं देणगीदारांच्या कौतुकातच जातात. कोनशिला कोणी बसवली, दगड कुठल्या खाणीतून आला, नव्या विंगचं उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं. मग एक समूहछायाचित्र. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर मान्यवर, मागे उभी पोरं. त्या मागच्या रांगेतला कोण रात्री भिंतीवरून उडी मारून आत यायचा, ते मात्र कुठेच छापलेलं नसतं. माझ्या मते वसतिगृहाचा खरा इतिहास तेवढाच: रात्री फाटक लावणारा आणि फाटक लागल्यावर येणारा, या दोघांचा. बाकी सगळं बांधकाम खातं.

हॉस्टेलवर राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. स्वतःच्या खोलीचा नंबर तो एक वेळ विसरेल, पण गेट किती वाजता लागायचं आणि कुठल्या कोपऱ्यातल्या भिंतीवरच्या काचा बोथट झाल्या होत्या, हे त्याला बरोबर आठवतं.

सुरुवात तशी गरिबीतून झाली. जेरुसलेमची यात्रा करून परतलेल्या लंडनच्या जोसियस नावाच्या गृहस्थाने ११८० साली पॅरिसच्या एका मोठ्या इस्पितळातली एक खोली विकत घेतली आणि अठरा गरीब विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी ती कायमची देऊन टाकली. पॅरिसच्या विद्यार्थी-निवासांची परंपरा इथपासून मोजतात. राहणं फुकट, वर महिन्याला थोडे पैसे. अट एकच: इस्पितळात कोणी दगावलं, की पाळीपाळीने प्रेतापुढे क्रूस आणि तीर्थाचं पाणी घेऊन चालायचं. मेसची ड्यूटी टाळणाऱ्या तमाम विद्यार्थ्यांनी या अठरा जणांना एकदा मनोमन नमस्कार करावा.

आपल्याकडे नालंदाच्या विहारांत त्याच्याही कितीतरी आधी मधल्या चौकाभोवती ओळीने खोल्या बांधलेल्या होत्या. उत्खननात त्या दिसतात. सातव्या शतकात तिथे शिकून गेलेल्या ह्युएन त्सांगने तिथल्या द्वारपालाबद्दल लिहून ठेवलंय. बाहेरून चर्चेला आलेल्याला हा द्वारपाल दारातच अवघड प्रश्न विचारायचा, आणि दहातले सात-आठ तिथूनच परत फिरायचे. पुढे जगभर दाराशी बसलेल्या मंडळींची विद्वत्ता उतरत गेली असेल, पण रुबाब तोच राहिला. ‘कुठे गेला होता?’ या प्रश्नाचं धड उत्तर मलाही कधी देता आलं नाही.

ऑक्सफर्डमध्ये या साऱ्याचं शास्त्रच झालं. तिथल्या न्यू कॉलेजची स्थापना १३७९ सालची, म्हणजे नाव सोडलं तर नवं काहीच नाही. संस्थापक बिशप विल्यम ऑफ विकहॅम यांनी एकेका खोलीत तीन-चार विद्यार्थी ठेवले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला त्याच खोलीत एक वयाने मोठा. म्हणजे रूममेट आणि रेक्टर एकाच पलंगाच्या अंतरावर! त्यांच्या नियमांत बुद्धिबळालाही बंदी होती. भोजनगृहात नाचायला आणि कुस्ती खेळायला मनाई होती, आणि तिचं कारण फार लोभस आहे: त्या भिंतीपलीकडे प्रार्थनागृहातल्या मूर्ती होत्या, त्यांना धक्का लागला असता. मनाई केली म्हणजे कोणीतरी त्या भिंतीवर आपटलेलं असणार. वसतिगृहाचा प्रत्येक विचित्र नियम हा एखाद्या मुलाचं स्मारक असतो, फक्त त्याच्यावर नाव नसतं.

त्याच गावात क्राइस्ट चर्च कॉलेजची ‘ग्रेट टॉम’ नावाची घंटा रोज रात्री एकशे एक टोले देते. मूळच्या शंभर विद्यार्थ्यांचे शंभर आणि पुढे वाढलेल्या एका जागेचा एक. पूर्वी हे टोले पडले, की फाटकं बंद व्हायची. गंमत म्हणजे टोले नऊला पडत नाहीत, नऊ वाजून पाच मिनिटांनी पडतात. ऑक्सफर्ड ग्रिनिचच्या पश्चिमेला, त्यामुळे तिथले स्थानिक नऊ पाच मिनिटं उशिरा वाजतात, आणि देशभराची वेळ एक झाली तरी घंटेने आपला हेका सोडलेला नाही. उशिरा येणाऱ्यांना अधिकृतपणे पाच मिनिटं देणारी दुसरी संस्था माझ्या ऐकिवात नाही.

नियम जितका काटेकोर, तितकी पळवाट रुंद. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात कुत्रा ठेवायला परवानगी नव्हती, म्हणून कवी बायरनने अस्वल पाळलं. नियमात अस्वलाचा उल्लेख नव्हता.

पण मला खरी दया येते ती थॉमस जेफरसन यांची. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेल्या या माणसाने म्हातारपणी व्हर्जिनिया विद्यापीठ उभारलं. सगळ्या विद्यार्थ्यांना एकाच भल्यामोठ्या इमारतीत कोंबणं त्यांना मान्य नव्हतं. अशी इमारत म्हणजे गोंगाट, घाण आणि कुबट हवेचं आगर, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. (हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधून मे महिन्यात चाललेला कोणीही सही करेल.) म्हणून त्यांनी हिरवळीच्या दोन बाजूंना बैठ्या खोल्यांच्या रांगा काढल्या आणि मधे मधे प्राध्यापकांची घरं पेरली. गुरु-शिष्य शेजारी राहतील, येता-जाता ज्ञानाच्या गोष्टी होतील, शिस्त आपोआप लागेल. १८२५ च्या मार्चमध्ये वर्ग सुरू झाले, आणि ऑक्टोबरच्या पहिल्याच रात्री मुखवटे घातलेल्या पोरांनी त्या सुंदर हिरवळीवर धुडगूस घातला. समजूत घालायला आलेल्या प्राध्यापकांवर दगडविटा फेकल्या. पुढे संचालकांपुढे सगळ्या विद्यार्थ्यांना बोलावलं गेलं. ८२ वर्षांचे जेफरसन उभे राहिले, हा आपल्या आयुष्यातला अत्यंत क्लेशाचा प्रसंग आहे एवढं म्हणाले आणि पुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. ते पाहून अपराधी पोरं आपणहून पुढे आली, असं सांगतात. काढून टाकलेल्यांत जेफरसन यांच्या नात्यातलाही एक निघाला.

आज त्याच हिरवळीवरच्या ५४ खोल्यांत राहायला मिळणं हा शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मोठा मान वाटतो. खोलीत शेकोटी आहे, संडास-बाथरूम बाहेर. थंडीत गाऊन गुंडाळून बाहेर पडायचं. मान म्हटला की माणूस काय काय सोसतो!

मुलींच्या बाबतीत फाटक अर्थातच जास्त जड. केंब्रिजचं गर्टन कॉलेज १८६९ मध्ये मुलींसाठी निघालं, पण बोभाटा नको म्हणून चार वर्षांनी त्याची इमारत शहरापासून चांगली दोन मैलांवर बांधली. मुलांच्या कॉलेजांत प्रत्येक जिन्यावर मोजक्या खोल्या असत. इथे लांबलचक कॉरिडॉर काढले, म्हणजे कोण कुठे जातंय ते दिसावं. पुढे शंभर वर्षांनीही फारसा फरक पडला नव्हता. पॅरिसजवळच्या नाँतेरमध्ये मुलींच्या वसतिगृहात मुलांना जायला मनाई होती. १९६७ च्या मार्चमध्ये मुलं सरळ आत शिरली आणि ठाण मांडून बसली. पुढच्याच वर्षी फ्रान्स हादरवणारं जे आंदोलन झालं, त्याच्या धाग्यांपैकी एक या दारापर्यंत येतो. आणि २०१५ मध्ये दिल्लीच्या मुलींनी ‘पिंजरा तोड’ म्हणत रस्त्यावर येऊन विचारलं ते तरी वेगळं काय होतं? रात्री धोका बाहेर असेल, तर कुलूप आमच्या दाराला का? या प्रश्नावर एकाही रेक्टरचं समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

आपण मोठी माणसं मात्र सुधारत नाही. अब्जाधीश चार्ली मंगर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा परिसरासाठी २० कोटी डॉलर देऊ केले. अट अशी, की वसतिगृह त्यांच्याच आराखड्याप्रमाणे बांधायचं. ते वास्तुविशारद नव्हते, पण वय नव्वदीपार आणि हातात पैसा, कोण बोलणार? सुमारे साडेचार हजार विद्यार्थी एका इमारतीत, आणि बहुतेक खोल्यांना खिडकीच नाही. खोलीत करमलं नाही, की मुलं बाहेर येतील, एकमेकांशी बोलतील, हा त्यामागचा विचार. खिडकीच्या जागी खोटा उजेड देणारं तावदान. २०२१ मध्ये हे बाहेर आलं, आराखडे तपासणाऱ्या समितीतल्या एका वास्तुविशारदाने राजीनामाच दिला, आणि २०२३ मध्ये विद्यापीठाने हा बेत सोडला.

त्या आराखड्यात एवढ्या पोरांना आत-बाहेर करायला मुख्य दारं दोनच होती. रात्री उशिरा येणाऱ्याने तिथे काय केलं असतं, याचा मी बराच विचार केला. खिडकीच नाही म्हटल्यावर खिडकीतून चढायची सोय नाही. पण साडेचार हजारांत एखादा बायरन निघालाच असता, आणि त्याने नियमावली नीट वाचली असती.