डीपी वाढला की आधी वाफेकडे बघा

एमईईच्या (सांडपाणी आटवणाऱ्या मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटरच्या) कंडेन्सेटला, म्हणजे वाफ थंड होऊन मिळालेल्या पाण्याला, सॉल्व्हंटचा वास आला की सगळे एमईईवर तुटून पडतात. वास तिथे येतो, पण दुखणं बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या स्ट्रिपरमध्ये, म्हणजे वाफेने सांडपाण्यातलं सॉल्व्हंट काढणाऱ्या कॉलममध्ये असतं. रायगड जिल्ह्यातल्या एका कारखान्यात नुकतंच अगदी हेच झालं, म्हणून सविस्तर लिहितोय.

कॉलम साधा. ६०० मिलिमीटर व्यास, पॅकिंगचे प्रत्येकी ३ मीटरचे दोन थर म्हणजे बेड, आत २५ मिलिमीटरच्या पॉलिप्रॉपिलीन पॉल रिंगा (प्लास्टिकच्या पोकळ कड्या). वरून सांडपाणी (हेच फीड), खालून थेट वाफ. मिथेनॉल आणि टोल्युइन वरून निघतं, खाली उरलेलं पाणी, म्हणजे बॉटम, एमईईला जातं. खालच्या बेडचा डीपी, म्हणजे बेडच्या खालच्या आणि वरच्या दाबातला फरक, एरवी ७०-८० मिलिमीटर पाणी असायचा. तो त्याच फीडला २०० च्या पुढे जाऊन नाचत होता. वरचा बेड मात्र जसाच्या तसा.

पहिला संशय डीपी मोजणाऱ्या ट्रान्समीटरवर घ्यायचा. वाफेच्या कॉलमवर ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणाऱ्या बारीक नळीत, म्हणजे इम्पल्स लाइनमध्ये, कंडेन्सेट साचतं, आणि २०० मिलिमीटर म्हणजे जेमतेम वीतभर पाणी. लाइन ब्लो केली, झिरो तपासला, आकडा हलला नाही. मग फीड आणि वाफ दोन्ही ६० टक्क्यांवर आणले. डीपी उतरला, पण त्या लोडच्या जुन्या आकड्यापेक्षा दुप्पटच राहिला. म्हणजे आतली वाट अरुंद झाली होती: रिंगांवर क्षार बसले असतील, नाही तर रिंगाच चेपल्या असतील. क्षार बसले की डीपी महिनोन् महिने हळूहळू चढतो. इथे तो पायऱ्या-पायऱ्यांनी चढला होता. बॉटम पंपाचा स्ट्रेनर उघडला तर त्यात पॉल रिंगेच्या आतल्या वळलेल्या जिभांचे तुकडे, कडा वितळून गोल झालेल्या.

रात्रपाळीचे जुने ऑपरेटर, सगळे त्यांना काका म्हणतात, तिथेच उभे होते. म्हणाले, "साहेब, रात्री फीड टाकीत लेव्हल नसते, पंप ट्रिप होतो. वाफ चालूच राहते. मी खालून व्हॉल्व्हपाशी पोचेपर्यंत वेळ जातोच ना." ट्रेंड, म्हणजे नोंदींचा आलेख, काढला. फीड शून्यावर, वाफेची रेघ सरळ. आणि अशा प्रत्येक ट्रिपनंतर डीपी एक पायरी वर.

इथलं गणित प्रत्येक शिफ्ट इंजिनिअरला तोंडपाठ असावं असं मला मनापासून वाटतं. १० किलो गेजची कोरडी संपृक्त वाफ साधारण १८४ अंशांची. पीआरव्हीतून (दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हमधून) ती जवळजवळ वातावरणाच्या दाबावर आली तर १०० अंशांवर येत नाही. उष्णता कुठे गेलेली नसते, त्यामुळे ती सुपरहीट होऊन १५० च्या आसपास राहते. फीड चालू असेल तर पाणी ती लगेच थंड करतं आणि रिंगा शंभरीच्या जवळपास राहतात. फीड थांबलं की तीच वाफ कोरड्या रिंगांवर आदळते. पॉलिप्रॉपिलीन १६० च्या पुढे वितळतं, पण लोळागोळा व्हायला त्याच्या बऱ्याच आधी सुरुवात होते.

आत नेमकं काय झालंय ते बघायला मोठ्या कॉलमला गॅमा किरणांनी स्कॅन करून घेता येतो. वाशीचं बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी ही सेवा देतं. इतक्या छोट्या कॉलमला कॉलम थंड करून, परमिट घेऊन मॅनहोलमधून वजन लावलेली टेप सोडली तरी पुरतं. बेड ड्रॉइंगपेक्षा दीड फूट खाली बसला होता, रिंगा वरून दाबून धरणारी होल्ड-डाऊन जाळी त्याच्याबरोबर तिरकी होऊन गेलेली. खालचा थर सपोर्ट प्लेटला गुळाच्या ढेपेसारखा चिकटला होता, फोडूनच काढावा लागला.

लगेच सूचना आली, स्टीलच्या रिंगा टाका. त्या सांडपाण्यात क्लोराइड भरपूर. ३०४ काय, ३१६ सुद्धा तिथे टिकणार नाही. सिरॅमिक सॅडल उष्णतेला उत्तम, पण वजन पॉलिप्रॉपिलीनच्या आठ-नऊ पट, सपोर्ट प्लेट बदलल्याशिवाय नकोच. शेवटी त्याच रिंगा टाकल्या आणि फीडचा फ्लो पडला की वाफेचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होईल असा इंटरलॉक बसवला. वाफेच्या लाइनवर तापमानाचा अलार्मही.

दोन गोष्टी अजून. डीपी अचानक कमी झाला तर कोणी खूश होऊ नये. सपोर्ट प्लेट तुटून रिंगा खाली पडल्या, तरी डीपी कमीच दिसतो. आणि कॉलममध्ये प्लास्टिकचं पॅकिंग असताना आत किंवा नोझलवर वेल्डिंग, कटिंग अजिबात नको. पॉलिप्रॉपिलीन पेटलं की उभा कॉलम चिमणीचं काम करतो, माणसाला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. पॅकिंग पूर्ण काढा, मगच हॉट वर्कचं परमिट द्या.

नवीन पॅकिंग टाकल्यावर पहिल्याच दिवशी ५०, ७५ आणि १०० टक्के लोडचे दोन्ही बेडचे डीपी लिहून पॅनलजवळ चिकटवा. पुढच्या वेळी तुलना करायला तोच कागद लागतो.