वेम्बली 1953: हंगेरीचा मागे सरकणारा नऊ नंबर

25 नोव्हेंबर 1953 ला वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला 6-3 हरवलं, त्या सामन्याचा पहिला हाफ मांडून झाला. पद्धत नेहमीचीच. जुनं चित्रीकरण थांबवत थांबवत बघायचं आणि प्रत्येक हल्ला सुरू होताना कोण कुठे आहे ते कार्डशीटवर आखलेल्या मैदानावर लावायचं. कॅरमच्या काळ्या सोंगट्या हंगेरीच्या, पांढऱ्या इंग्लंडच्या, कमी पडल्या तिथे शर्टाची बटणं. राणी हिदेगकुटीला, म्हणजे हंगेरीच्या सेंटर फॉरवर्डला, नऊ नंबरला, दिली आहे, त्यामुळे तो कुठे सरकतोय ते लगेच नजरेत भरतं.

इंग्लंडची मांडणी डब्ल्यू-एम: मागे तीन, त्यांच्या पुढे दोन, मग दोन इनसाइड फॉरवर्ड (आघाडीच्या जरा मागचे हल्लेखोर) आणि आघाडीला तीन. यात ज्याचा त्याचा गडी ठरलेला. सेंटर हाफने, म्हणजे मागच्या तिघांतल्या मधल्याने, समोरच्या सेंटर फॉरवर्डला धरायचं. इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन, त्याच्या वाट्याला हिदेगकुटी आला, आणि हा तर आघाडीला थांबतच नाही. मधल्या फळीत, आपल्या बोझिकच्या आसपास येऊन बॉल मागतो. जॉन्स्टन मागोमाग गेला तर बचावाला मधोमध खिंडार, जागेवर थांबला तर हिदेगकुटी मोकळा. पहिल्याच मिनिटाला त्याने गोल केला.

इथवर सगळेच सांगतात. सोंगट्या हलवताना मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. राणी मागे आली की त्याच वेळी हंगेरीचे इनसाइड फॉरवर्ड पुश्काश आणि कोचिश दोघंही तिच्या पुढे निघून जातात. म्हणजे सेंटर फॉरवर्ड मागे येऊनही आघाडी रिकामी होत नाही. आणि हे दोघं बिनधास्त वर जाऊ शकतात, कारण मधल्या फळीतला झकारियाश खाली सरकून बचावातल्या लोरांटच्या शेजारी उभा राहतो. मागे चार, मध्ये बोझिक आणि हिदेगकुटी, पुढे चार. ब्राझीलने 1958 चा वर्ल्ड कप 4-2-4 खेळून जिंकला, त्याच्या साडेचार वर्षं आधीचं हे चित्र आहे. एकटा नऊ नंबर मागे आणून काही होत नाही, त्याच्या जागेत धावणारे लागतात, आणि त्या धावणाऱ्यांची पाठ राखणाराही. माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात दुर्लक्षित खेळाडू झकारियाश आहे.

सगळ्यात जास्त वेळ 24व्या मिनिटाच्या गोलवर गेला. चिबोर हा हंगेरीचा डाव्या बाजूचा विंगर, पण इथे तो उजवीकडे सापडतो. तिकडून तो बॉल आत पुश्काशला देतो. इंग्लंडचा बिली राइट घसरत टॅकलला येतो, पुश्काश डाव्या पायाच्या तळव्याने बॉल मागे ओढतो, राइट सरळ पुढे निघून जातो आणि त्याच डाव्या पायाचा फटका जवळच्या पोस्टलगत आत. तो तळवा सगळ्यांना आठवतो, साहजिक आहे. पण चिबोर आपली बाजू सोडून तिथे आला नसता तर हा पास झालाच नसता. विंगरसुद्धा ठरलेल्या जागेला बांधलेला नाही, गडी धरून खेळणाऱ्या बचावाला हे फार जड जातं.

एक अडचण राहतेच. कॅमेरा बॉलमागे फिरतो, त्यामुळे हंगेरीचा हल्ला चालू असताना मागचे बरेचदा फ्रेमबाहेर असतात. तिथे सोंगटी न ठेवता पेन्सिलने ठिपक्यांचं वर्तुळ काढतो, म्हणजे पाहिलेलं आणि अंदाजाचं वेगळं राहतं. तुम्हीही असं काही करत असाल तर हे जरूर करून बघा.

आता दुसरा हाफ मांडायचा आहे: बोझिकचा गोल, मग पुश्काशने उचलून दिलेल्या बॉलवर हिदेगकुटीची व्हॉली, त्याची हॅटट्रिक. त्यानंतर 2 मे 2009 चा बर्नाब्यू, रियाल माद्रिदच्या मैदानावर त्यांच्याविरुद्ध बार्सिलोनाचा 6-2 विजय. तिथे मेस्सी मध्ये आला, एटो उजवीकडे गेला, आणि माद्रिदच्या बचावातले कान्नावारो-मेत्झेल्डर जॉन्स्टनच्याच पेचात सापडले. फरक एवढाच की रिकाम्या जागेतल्या धावा विंगवरून आल्या. दोन्ही कार्डशीट शेजारी लावून धावांचे बाण मोजायचे आहेत.