क्वेला ७८: पांढरी सातचा छडा लागला, आणि ऐकण्याचा क्रम उलटा झाला

मागच्या नोंदीत क्वेलाच्या (दक्षिण आफ्रिकेतलं शिट्टीवरचं नाचाचं संगीत) एका ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या, बी-साइडवर गाडी अडली होती: शिट्टीचा सूर कुठल्याच पट्टीत बसत नव्हता. ती सुटली. तबकडी कापताना वेग बरोबरच होता. जास्त वेगात चालवली होती ती टेप. हे कशावरून ठरलं ते सविस्तर लिहितो, कारण १९५० च्या दशकात टेपवरून कापलेल्या कुठल्याही ७८ ला ही पद्धत चालेल.

अडचण थोडक्यात पुन्हा. क्वेलातल्या शिट्ट्या बहुतेक होनर कंपनीच्या, सहा भोकांच्या, आणि त्या (हार्मोनियमच्या भाषेत) दोन पट्ट्यांत सर्रास मिळत: काळी पाच आणि पांढरी पाच. म्हणजे षड्ज तिथे, नाहीतर त्यांच्या मध्यमावर, काळी दोन किंवा पांढरी एकवर यायला हवा. आपल्या साइडवर तो येत होता पांढरी सातच्या जवळपास १५ सेंट खाली (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर). काळी पाचपासून मोजलं तर ८५ सेंट वर.

नेहमीचे संशयित आधी काढून टाकले. क्वेलावाले शिट्टी तिरपी धरतात, तिची फट अर्धवट तोंडात जाते, त्यामुळे आवाज जाड होतो आणि सूर ओठांनी थोडा सरकवता येतो. त्याने विसेक सेंटचा फरक पडेल. हवेच्या तापमानाने दर अंशाला साधारण ३ सेंट, म्हणजे दहा अंशांनी ३०. जोहान्सबर्गच्या उंचीचं कारण काहींनी सुचवलं होतं, पण ध्वनीचा वेग उंचीमुळे बदलत नाही, तापमानामुळे बदलतो. हे सगळं एकाच दिशेला लोटलं तरी ८५ गाठता येत नाहीत. गिटारचा उपयोग शून्य, कारण ती शिट्टीलाच जुळवलेली असणार.

मग राहतो वेग. दक्षिण आफ्रिकेत वीज ५० हर्ट्झची, आपल्यासारखीच. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ७७ पट्ट्यांची स्ट्रोब तबकडी (वेग तपासायची) स्थिर दिसते तेव्हा वेग असतो मिनिटाला ७७.९२ फेरे. अमेरिकेत ६० हर्ट्झवर ९२ पट्ट्यांनी तोच आकडा ७८.२६ येतो. दोन्हींतला फरक साडेसात सेंटचा. कानाला जाणवेल न जाणवेल इतका, त्यामुळे आपल्या कोड्याशी त्याचा संबंध नाही. पण मोजणीत तो पुन्हा डोकावतो, म्हणून लक्षात ठेवा.

खरा साक्षीदार निघाला विजेचा हम. स्टुडिओतल्या यंत्रांची घरघर खाचेत कोरली जाते. अडचण अशी की तबकडी ७८ वरच वाजवली तर खाचेतला हम येतो ५० च्या आसपास आणि आपल्या घरातला अँप्लिफायरचा हमही ५० वरच. दोघे एकमेकांत मिसळतात. तोडगा साधा आहे: तबकडी ४५ वर वाजवायची. घरातला हम जागचा हलत नाही, खाचेतला खाली घसरतो. ७७.९२ वर कापलेल्या तबकडीतला ५० चा हम ४५ वर वाजवल्यावर २८.८८ हर्ट्झला येतो. तिथे टर्नटेबलच्या खडखडाटात तो सापडणं कठीण, म्हणून तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सी, पाहायचा: १५० चा होतो ८६.६३. तबकडी ७८.२६ वर कापलेली असती तर तो ८६.२५ वर आला असता.

पद्धत अशी. ४५ चा वेग आधी तपासा. क्वार्ट्झ-लॉक डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर प्रश्न नाही, बेल्ट ड्राइव्हवर भरवसा ठेवू नका. स्टीरिओ, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट असं रेकॉर्ड करा. दोन्ही चॅनेलची बेरीज करून मोनो करा, म्हणजे सुईच्या उभ्या हालचालीचा खडखडाट बराचसा कापला जातो. मग फक्त मोजणीसाठी एक प्रत काढून ती ऑडॅसिटी या ध्वनि-सॉफ्टवेअरमध्ये १००० हर्ट्झला रीसॅम्पल करा. ही पायरी गाळू नका. ९६ किलोहर्ट्झवर ६५५३६ नमुन्यांची विंडो घेतली तरी एकेक खाना दीड हर्ट्झचा पडतो आणि त्यात काही कळत नाही. १००० वर १६३८४ ची विंडो घेतली की खाना ०.०६ हर्ट्झचा होतो. अख्खी साइड निवडा आणि प्लॉट स्पेक्ट्रम (कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात, त्याचा आलेख) काढा. बास वरखाली फिरत राहतो, हमची रेघ जागची हलत नाही, त्यामुळे सरासरीत ती सुळक्यासारखी वर येते.

आपल्या साइडवर दोन सुळके आले. एक ८६.६ वर, टोकदार. दुसरा ९१.० वर, बुडाशी पसरट. मग फक्त शेवटचा वाद्यविरहित सर्पिल भाग वेगळा काढून पाहिला. ८६.६ होता, ९१ गायब! संगीत संपलं, टेप थांबली, तिचा हमही गेला. कटिंग लेथ (तबकडी कोरणारं यंत्र) चालूच होतं, म्हणून त्याचा हम राहिला. टेपचा सुळका पसरट का, याचंही उत्तर त्यातच आहे: टेप किंचित डोलते, लेथ डोलत नाही.

९१.० भागिले ८६.६३ म्हणजे १.०५. टेप ५ टक्के जास्त वेगात चालवली होती. सेंटमध्ये किती होतात? ८५. शिट्टी जेवढी चढी लागत होती तेवढीच, नेमकी.

का चढवली असेल? अंदाजच करता येतो. १० इंची ७८ वर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. ३ मिनिटं १० सेकंदांचा टेक ५ टक्क्यांनी ३ मिनिटं १ सेकंदावर येतो. किंवा नाचायला ठेका झटकेबाज हवा असेल. मला दुसरं जास्त पटतं, कारण मूळ वेगावर आणल्यावर गिटारचा ठेका चांगलाच सैलावतो आणि ऐकायला अधिक गोड लागतो.

यात एक सापळा आहे. शेवटी सुई ज्या बंद वर्तुळात फिरत राहते, ती खाच मोजणीला घेऊ नका. मोह होतो, कारण तिथे हवी तितकी मिनिटं शांतता मिळते. पण ७७.९२ ला एका फेऱ्यात ५० च्या हमची ३८.५ आवर्तनं बसतात. हे अर्धं आवर्तन दर फेऱ्याला सांध्यावर तुटतं. शिवाय बंद खाचेतला आवाज दर फेऱ्याला तोच असल्यामुळे स्पेक्ट्रममध्ये फक्त फेऱ्यांच्या वेगाच्या पटीतल्याच रेघा उमटतात, म्हणजे ४५ वर ०.७५ हर्ट्झच्या पटीत. ८६.६३ ची रेघ दुभंगून ८६.२५ आणि ८७.० वर जाते. आणि ८६.२५ पाहिल्यावर कुणालाही वाटणार, की तबकडी ७८.२६ वर कापली आहे!

एक मर्यादाही सांगून ठेवतो. विजेची फ्रिक्वेन्सी त्या दिवशी पाव हर्ट्झने हललेली असेल, तर सिंक्रोनस मोटर आणि हम दोन्ही एकत्रच हलतात. गुणोत्तर बरोबर येतं, पण प्रत्यक्ष सुरात ८-९ सेंटची शंका उरते. तिच्यावर इलाज नाही आणि तिच्यापायी झोप उडवून घेण्याचं कारणही नाही.

दुरुस्तीचा क्रम नीट पाळा, इथे बरेच जण गडबडतात. प्रीअँप फ्लॅट, म्हणजे कुठलंही इक्वलायझेशन न लावलेला हवा. आरआयएए (एलपींचा प्रमाण इक्वलायझेशन कर्व्ह) लावून ४५ वर रेकॉर्ड केलं तर इक्वलायझेशनचे टप्पे चुकीच्या जागी पडतात. फ्लॅट फाइलवर आधी डीक्लिक करा (ओरखड्यांची टकटक काढा), कारण ओरखड्याचा टोकदारपणा तिथेच शाबूत असतो. मग १.७३१६ पटीने वेग वाढवून ७७.९२ वर या. मग इक्वलायझेशन. आणि अगदी शेवटी १.०५ ने भागून टेप मूळ वेगावर. इक्वलायझेशन तबकडीच्या वेगाशी बांधलेलं आहे, टेपच्या नाही, म्हणून हे शेवटचे दोन टप्पे उलटे करायचे नाहीत. या काळातल्या तबकड्यांवर नेमका कुठला कर्व्ह, हे कानानेच ठरवावं लागतं. आरआयएए १० किलोहर्ट्झला १३.७ डेसिबल कापतो. मूळ कटिंग वरच्या पट्टीत फ्लॅट असेल, तर शिट्टी गोधडीखालून आल्यासारखी लागते. तसं झालं तर २५० हर्ट्झ टर्नओव्हर (त्याखालचा बास कटिंगमध्ये कमी केलेला असतो) आणि वर फ्लॅट, इथून सुरुवात करा.

सुयांबद्दल विचारणा होती. ऑर्टोफॉन २एम ७८ ची सुई ६५ मायक्रॉनची आणि दाब १.८ ग्रॅम. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५एसपी ३ मिलची, म्हणजे ७६ मायक्रॉनच्या आसपास, आणि दाब ५ ग्रॅम. स्वच्छ प्रतीवर ऑर्टोफॉनचा आवाज मोकळा. पण शेबीनमध्ये (विनापरवाना दारूच्या अड्ड्यांत) रात्र-रात्र वाजलेल्या तबकडीवर जडच सुई हवी. हलकी सुई झिजलेल्या खाचेत नाचते आणि ते डीक्लिकने निघत नाही. एलपीची सुई लावायचा विचारही नको, ती खाचेच्या तळाशी जाऊन केवळ कचरा वाचते. धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि साबणाचे दोन-चार थेंब पुरे. आयसोप्रोपिल अजिबात नाही, शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळते. आणि परदेशी विक्रेत्याकडून मागवताना ७८ दोन्ही बाजूंनी दुहेरी पन्हळी पुठ्ठ्यात, १० इंचीसाठी १२ इंची खोक्यात, असं लिहूनच घ्या. एलपीच्या पातळ पाकिटात ७८ पाठवणारे महाभाग अजून आहेत.

आता दक्षिण आफ्रिकी संगीत ऐकण्याच्या बैठकीचं. ठरलं होतं माराबीपासून कालक्रमाने पुढे यायचं. पण १९२०-३० च्या दशकात जोहान्सबर्गच्या झोपडवस्त्यांत पेडल ऑर्गनवर वाजणारं माराबी ध्वनिमुद्रणात जवळपास नाहीच, मग सुरुवात कशाने करणार? हे लिहिता लिहिताच उलटा क्रम सुचला आणि तोच बरा वाटतो आहे: १९७४ पासून मागे.

पहिली तबकडी ‘मॅनेनबर्ग’. जून १९७४, केपटाउन, डॉलर ब्रँड म्हणजेच अब्दुल्ला इब्राहिम, टेनर सॅक्सोफोनवर बेसिल कूत्झी, ऑल्टोवर रॉबी जॅन्सन. पियानो उभा, हातोड्यांना टाचण्या टोचलेल्या, म्हणून तो खणखणीत पत्र्यासारखा आवाज. माराबीचं चक्र म्हणजे सा, म, मग पंचम बुडाशी ठेवलेला सा, आणि प. इथे ते तेरा मिनिटांहून जास्त फिरत राहतं. पहिली दोन मिनिटं फक्त डावा हात ऐका, चक्र कानात बसलं की पुढचं सगळं उलगडतं. निर्माता रशीद वल्ली, लेबल अस-शम्स. अमेरिकेत हीच ‘केपटाउन फ्रिंज’ नावाने निघाली, तेव्हा दोन वेगळ्या तबकड्या समजून दुप्पट पैसे मोजू नका.

त्यामागे १९६८ ची ‘याखल इन्कोमो’, विन्स्टन ‘मानकुंकू’ न्गोझी. सगळे त्याच्यावरच्या कोल्ट्रेनच्या (अमेरिकी सॅक्सोफोनवादक) छापाबद्दल बोलतात, पण डर्बनच्या लायोनेल पिल्लेचा पियानो लक्ष देऊन ऐका. शीर्षक-गीतात तो सॅक्सोफोनला किती कमी सुरांत जागा करून देतो ते पाहण्यासारखं आहे. मग ब्लू नोट्सची ‘लेगसी’: देश सोडण्याआधीचं १९६४ चं डर्बनमधलं ध्वनिमुद्रण, ओगन लेबलने १९९५ मध्ये काढलेलं. आवाज ओबडधोबड, वादन पेटलेलं. ऑल्टोवादक दुदू पुक्वानासाठी तरी घ्याच. मग जाझ एपिसल्सची ‘व्हर्स वन’, जानेवारी १९६०, शार्पव्हिलला पोलिसांनी निदर्शकांवर केलेल्या गोळीबाराआधी जेमतेम दोन महिने. मूळ छापल्या फक्त ५०० प्रती, तेव्हा मूळ प्रतीच्या नादी लागू नका, पुनर्मुद्रण चांगलं आहे. त्यातलं किपी मुकेत्सीचं ‘स्कलरी डिपार्टमेंट’ आधी लावा. जिथे वाजवायचं तिथेच कृष्णवर्णीय वादकांना मोरीजवळ जेवायला बसवत, त्यावरचं हे शीर्षक आहे. सत्तरच्या दशकातलं आणखी काही हवं असेल तर मात्सुली म्युझिकची पुनर्मुद्रणं डोळे मिटून घ्या. दिक खोझाच्या ‘चापिता’पासून त्यांनी मास्टरिंग आणि माहितीपत्रक दोन्ही जपलं आहे.

शेवटी क्वेला: स्पोक्स माशियानेची १९५४ ची ‘एस ब्लूज’ आणि आपली सोडवलेली बी-साइड, आधी चढी, मग मूळ वेगावर.

आणखी एक सुचलं आहे आणि त्याला मदत लागेल. ‘टॉम हार्क’ ही क्वेलाची तबकडी १९५८ मध्ये ब्रिटनच्या विक्री-यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. तिच्या सुरुवातीला रस्त्यावरच्या फाशांच्या खेळाचा आणि पोलिसांची गाडी आल्याचा संवाद आहे, म्हणजे शिट्टीखेरीज माणसाचा आवाजही तपासाला मिळतो. ब्रिटिश ४५ ची प्रत कुणाकडे असेल तर ती ३३⅓ वर वाजवून फ्लॅट रेकॉर्ड करा. ४५ वर वाजवली तर खाचेतला हम पुन्हा घरच्या हममध्ये बुडेल. ३३⅓ वर तिसरा हार्मोनिक १११ हर्ट्झच्या आसपास यायला हवा. त्याच्या शेजारी दुसरा सुळका दिसतो का, दिसला तर कितीवर, आणि शेवटच्या सर्पिलात तो टिकतो का, एवढ्या तीन गोष्टी कळवा. तिच्याच दक्षिण आफ्रिकी ७८ ची फाइल मोजून तयार आहे.