तुम्ही विचारलंत म्हणून: कॉन्फिगरेशन फाइल नक्की कुठे ठेवायची?

मी मुक्त सॉफ्टवेअरची पॅकेजेस, म्हणजे सहज बसवता येतील असे तयार गठ्ठे, बांधतो. मला वारंवार विचारलं जातं, ‘मूळ प्रोग्रामच्या माहितीपत्रात कॉन्फिगरेशन फाइलची, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलची, जागा एक दिलेली असते आणि पॅकेजमध्ये ती दुसरीकडेच सापडते. सगळं सरळ /एटसी या प्रणालीच्या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये टाकून मोकळे का होत नाही?’

लिनक्सवर बहुतेक वेळा मी तेच करतो. पण ते आपोआप घडत नाही. ऑटोकॉन्फ हे बांधणीची तयारी करणारं साधन वापरणारा प्रोग्राम काहीच न सांगता बांधला, तर तो /यूएसआर/लोकल/एटसी ही जागा धरतो. पॅकेजसाठी प्रीफिक्स (प्रोग्राम बसवण्याचा मूळ पत्ता) /यूएसआर केला की जागा होते /यूएसआर/एटसी, आणि तिथे कोणी शोधायला जात नाही. म्हणून ‘सिसकॉन्फडिर’, म्हणजे कॉन्फिगरेशनच्या फोल्डरचा पत्ता, वेगळा द्यावा लागतो. हा पत्ता बऱ्याचदा प्रोग्रामच्या बायनरीतच (बांधून तयार झालेल्या फाइलीतच) कोरला जातो, त्यामुळे फाइल मागाहून हलवून भागत नाही.

फ्रीबीएसडी या वेगळ्या प्रणालीवर उत्तर बदलतं. तिथे /एटसी मूळ प्रणालीची, पोर्ट्स या तिथल्या सॉफ्टवेअर-संग्रहातून आलेल्या सॉफ्टवेअरची जागा /यूएसआर/लोकल/एटसी. प्रणाली आणि पॅकेजेस वेगवेगळी अद्ययावत होतात, म्हणून ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. पीकेजीसोर्स ही पॅकेज-व्यवस्था तर अनेक प्रणालींवर चालते, तेव्हा परक्या /एटसीला हात न लावता ती सहसा /यूएसआर/पीकेजी/एटसी वापरते.

पण जागेपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो मालकीचा प्रश्न. ही फाइल कोणाची? प्रोग्राम आमचा, पण पोर्ट क्रमांक, परवानग्या, डेटाबेसचा पत्ता हे ज्याचं मशीन त्याचं. सुरुवातीला मी एका पॅकेजमध्ये कॉन्फिगरेशन फाइल साध्या फाइलीसारखी नोंदवली होती. पुढच्या अपग्रेडमध्ये एका माणसाने कष्टाने जुळवलेली फाइल पुसली गेली. बॅकअप नव्हता. त्याने शांतपणे कळवलं, आणि ते मला जास्त लागलं.

हे टाळायची साधनं आहेत, मी ती वापरली नव्हती. डेबियन या लिनक्स प्रणालीत फाइल ‘कॉन्फफाइल’ म्हणून नोंदवली, की तुम्ही केलेला बदल आणि नव्या आवृत्तीतला बदल एकमेकांवर आले तर डीपीकेजी हे पॅकेज बसवणारं साधन आधी विचारतं. पॅकेज नुसतं काढलं तर ती फाइल तशीच राहते, ‘पर्ज’ केलं तरच जाते. आरपीएम या फेडोरासारख्या लिनक्सवरच्या पॅकेज-व्यवस्थेत ‘नोरिप्लेस’ लावलं, की तुम्ही बदललेली फाइल जागेवर राहते आणि नवी शेजारी ‘.आरपीएमन्यू’ नावाने येते.

आता मला सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) पद्धत सगळ्यात पटते: आमच्या मूळ फाइली /यूएसआर/लिबखाली, /एटसीमध्ये फक्त तुम्ही लिहिलेलं, आणि तुमचं वरचढ. अपग्रेडमध्ये भांडण जवळजवळ उरत नाही. अडचण एकच, पण खरी: /एटसी उघडलं की रिकामं दिसतं आणि माणूस गोंधळतो. म्हणून तिथे मी सगळ्या ओळी कॉमेंट केलेली (म्हणजे प्रोग्राम वाचताना वगळतो अशी) नमुना फाइल ठेवतो, कॉन्फफाइल म्हणून नोंदवून. मॅन पेजमधला (प्रोग्रामसोबत येणाऱ्या मदतीच्या पानातला) जुना पत्ताही बदलून त्या प्रणालीवरचा खरा पत्ता घालतो. मूळ लेखकांनी तिथे /यूएसआर/लोकल लिहिलेलं असतं, आणि रात्री दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर दुरुस्त करणारा माणूस तेच पान वाचत असतो.